पटावरची मुलगी

नऊ वाजून बारा मिनिटांनी शाळेचा मेसेज आला: तुमची पाल्य अवनी आज शाळेत हजर आहे. आणि अवनी त्या वेळी नेत्रापासून दहा पावलांवर, काचेची उभी पट्टी असलेल्या एका दाराआड, भलत्याच इमारतीतल्या भलत्याच वर्गात बसलेली होती. शाळा इथून चौदा-पंधरा किलोमीटर लांब. नेत्राने मेसेज पुन्हा वाचला. मग खुर्चीवरून उठून ती दारापाशी गेली आणि पट्टीतून आत पाहिलं, कुठली खरी याची शहानिशा करायला हवी असल्यासारखं. तिसऱ्या रांगेत राखाडी कुर्ता, डाव्या हाताने वेणीचं टोक पिळायची सवय. तीच. पोटच्या पोरीला चोरून ओळखावं लागलं याचाच तिला आधी राग आला. मेसेज तसा रोजचाच. चंडीगडला बदली होऊन आल्यापासून दोन वर्षं तो येत होता, नऊ-दहाला, नऊ-बाराला, आणि ओट्यापाशी हात पुसत ती एक ओळ वाचली की नेत्राचा जीव भांड्यात पडायचा. पोचली. आता दिवसभर काही होणार नाही. आणि आज कळत होतं की ती ओळ कोणी पाहून लिहीतच नव्हतं. मग मागच्या साऱ्या दिवसांचं काय? ज्या दिवशी रस्त्यावर शाळेची बस बंद पडली होती, त्या दिवशीही हजर होती ना अवनी? नऊ-बाराला? नेत्रा आठवायला लागली आणि एकेक सकाळ हातात घेऊन पाहिली तर ती पोकळ वाजायला लागली.

कॉरिडॉरमध्ये नव्या रंगाचा वास होता आणि त्यात बाहेरून सातविणीच्या फुलांचा. ऑक्टोबरात या शहरात जाल तिथे हा वास पाठ सोडत नाही, आणि तिचं डोकं दुखायला लागतं. मुल्लानपूरच्या पलीकडे, भात कापून झालेल्या शेतांच्या मधोमध हे नवं खाजगी विद्यापीठ उभं राहिलेलं. एका अंगाला अजून क्रेन चाललेली, दुसऱ्या अंगाला हिरवळ आणून अंथरलेली. त्यांची योजना अशी की अकरावीतल्या मुलांनी शाळा न सोडता, आठवड्यातले दोन दिवस इथे येऊन कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे दोन विषय शिकायचे. परीक्षा द्यायची, क्रेडिट मिळवायचे, आणि बारावीनंतर इथेच प्रवेश घेतला तर तेवढं कॉलेज आधीच संपलेलं. आज नमुन्याचा वर्ग. जानेवारीपासून खरे. पालकांची सही आज, निघण्यापूर्वी. फॉर्म नेत्राच्या पर्समध्ये होता, तीनदा घडी घातलेला. सकाळी आल्या आल्या इथल्या कोऑर्डिनेटर ग्रेवाल मॅडमनी तिला आपादमस्तक न्याहाळून म्हटलं होतं, "आप मदर हैं? हाय रब्बा, मैंने सोचा बड़ी दीदी आई है!" कौतुकाने म्हणाल्या होत्या. नेत्रा हसलीही होती. हे कौतुक तिला गेली तेरा वर्षं प्रत्येक शाळेच्या फाटकात ऐकावं लागत होतं, आणि दर वेळी तिला ते चापटीसारखं लागायचं.

कारण ती लहानच होती. आणि मोठी लावलेली होती. सेलूला तिचे वडील, नाना, हेडमास्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेत. गावातल्या अर्ध्या पोरांची जन्मतारीख एक जून. आयांना तारीख आठवायची नाही. सुगी होती की उन्हाळा, एवढंच सांगायच्या, आणि नाना रजिस्टरात एक जून टाकून मोकळे व्हायचे. पण नेत्राची तारीख त्यांना ठाऊक होती. त्यांच्याच डायरीत, त्यांच्याच वळणदार अक्षरात, एकवीस नोव्हेंबर अठ्ठ्याऐंशी, सकाळी पावणेसहा. ती डायरी त्यांच्या खणात होती आणि रजिस्टर टेबलावर, आणि रजिस्टरात त्यांनी लिहिलं एक जून सत्त्याऐंशी. लोक वय कमी लावून घ्यायचे, रिटायरमेंट लांबावी म्हणून. नानांनी पोटच्या पोरीचं वाढवून लावलं. का, तर पोरीला पाढे येतात, घरी बसून काय करणार. आई म्हणाली होती, "अहो, लहान आहे ती." नाना म्हणाले, "होईल मोठी." एवढाच संवाद. घरात तो नंतर विनोदासारखा सांगितला जायचा, पाहुण्यांसमोर, पोह्यांबरोबर. होईल मोठी! आणि सगळे हसायचे, नेत्राही हसायची, बाकाखाली अधांतरी लोंबणारे पाय तिला आठवायचे तरी. साडेचार वर्षांची पहिलीत. दहावीला चौदा पूर्ण. मैत्रिणी घोळक्यात काही कुजबुजायच्या आणि ती जवळ गेली की थांबायच्या, मग दीड वर्षाने तिला कळायचं की काय कुजबुजत होत्या. सगळं दीड वर्षाने. तोवर त्या पुढच्या गोष्टीवर गेलेल्या. पहिल्या पाचात नंबर यायचा, त्यामुळे कोणाला काही चुकतंय असं वाटायचं कारणच नव्हतं.

फोन थरथरला. इंद्रजित. भूजल खात्यातला तिचा नवरा आठवडाभर भठिंड्याच्या बाजूला विहिरी मोजत फिरत होता, मागे पंपाच्या मोटारीचा धडधडाट. "झाली सही?" त्याने विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "वर्ग चालू आहे अजून." "अगं, मग करून टाक ना. सोन्यासारखी संधी आहे. चार वर्षांचं कॉलेज साडेतीनमध्ये होतं." "आणि वाचलेल्या सहा महिन्यांचं काय करायचं?" "म्हणजे?" "म्हणजे ते सहा महिने कुठे ठेवतात? लॉफ्टवर?" तो हसला. मोटारीच्या आवाजात त्याचं हसणं फाटकं आलं. "तू ना नेत्रा, उगाच फाटे फोडतेस. जमेल तिला. हुशार आहे." हुशार आहे. हा शब्द जिथे येतो तिथे पुढे कोणी तरी कोणाला तरी ढकलणार असतं, हे तिला आता पाठ झालं होतं. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय. तिने विचारलं, "एप्रिलमध्ये तुझी बदली झाली तर?" "तेव्हाचं तेव्हा बघू. क्रेडिट तर हातात असतील." "दुसरीकडे ते चालतात का, विचारलंयस?" "चालत असतील गं. आजकाल सगळं पोर्टेबल असतं." "मी विचारलं सकाळी. घेणाऱ्या कॉलेजची मर्जी, म्हणाल्या." "अच्छा," तो म्हणाला. "तरी पण, एक्स्पोजर मिळेल." नेत्राने फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे पाहिलं. आमच्या घरात माणसांची बदली होते, फ्रिजची होते, गॅसच्या कनेक्शनची होते, कुंडीतल्या तुळशीची होते. फक्त जे मिळवलं त्याची होत नाही. ते तिथेच राहतं. नागपूरचा चित्रकलेचा क्लास, रायपूरचं कथ्थक दोन परीक्षांपर्यंत, गुवाहाटीत जेमतेम वाचता यायला लागलेली आसामी अक्षरं. तिने हे मनातच म्हटलं. "ठेवते," एवढंच मोठ्याने म्हणाली.

मग तिने शाळेत फोन लावला. हजेरी बघणारे सर फोनवर आले. "अवनी की मदर बोल रही हूँ, इलेवंथ बी. आज वो स्कूल नहीं आई है." "हां जी मैडम, पता है. उधर डेमो है ना उसका? आप टेंशन मत लो, हमने प्रेज़ेंट लगा दी है." "पर वो है नहीं वहाँ." "हां, तो?" "तो ऐब्सेंट लिखिए." पलीकडून समजुतीचा स्वर, वेड्या माणसाशी बोलावं तसा. "मैडम जी, आपके फ़ायदे के लिए ही तो है. पचहत्तर परसेंट से नीचे गई तो बोर्ड में बैठने नहीं देंगे. जनवरी से हफ़्ते में दो दिन उधर जाएगी, मैनेज तो करना पड़ेगा ना? सबका ऐसे ही चलता है." "और रास्ते में कुछ हो जाता तो? आपके रजिस्टर में तो बच्ची क्लास में बैठी है. कोई ढूँढता भी नहीं." "ओ जी, शुभ-शुभ बोलो सवेरे-सवेरे!" त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं, ते आवाजात कळत होतं. फोन ठेवून नेत्रा भिंतीला टेकून उभी राहिली. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तिची जागच्या जागी, छातीच्या खाली, एका वाटीएवढ्या जागेत जळत होती. किती प्रेमळ असतात ही सगळी माणसं. हातात पेन असतं आणि तुमचं भलं करायचं असतं. नानांनीसुद्धा तिच्यावर जीवापाड प्रेम केलं. तिला सायकलवर बसवून स्वतः शाळेत न्यायचे, वाटेत तेरा ते एकोणीसचे पाढे. शाळेतून आल्यावर गूळ-शेंगदाणे. तिचे पाय जमिनीला पुरायचे नाहीत हे त्यांना कधी दिसलं नाही, कारण ते वर्गात आले की सगळी पोरं उभी राहायची, आणि उभं राहिल्यावर कोणाचेही पाय जमिनीलाच टेकतात.

आतून एकदम हशा उसळला. नेत्रा पुन्हा काचेच्या पट्टीपाशी गेली. प्राध्यापक फळ्याला पाठ लावून हसत होता, मुलं मागे रेलून हसत होती, आणि अवनी उभी होती. तिनेच काही तरी म्हटलं असावं. उभी राहून, दोन्ही हात हवेत फिरवून ती अजून काही सांगत होती, आणि शेजारची मुलगी तिचा कुर्ता ओढून खाली बसवत होती, आधीच सलगी झाल्यासारखी. नेत्राने आपल्या मुलीचं हे तोंड पाहिलेलं नव्हतं. शाळेच्या प्रत्येक मीटिंगमध्ये, पाचही शाळांत, बाईंचं एकच वाक्य: बहुत शांत बच्ची है, कोई शिकायत नहीं. नेत्रा त्यावर मान हलवायची. शांत, तिच्यासारखी. घरी तर कानात ते इअरफोनचं बोंड घालून बसलेली, काही विचारलं की हं, नो, ठीक था. आणि इथे, या रंगाच्या वासात, तासाभरात, ही. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला तो मत्सरासारखा काही तरी, आणि मग भीती. कारण तिला स्वतःला कॉलेजात असं कधी हसता आलं नव्हतं. परभणीला बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ती सोळाची होती, कागदावर अठरा लागलेलं. रसायनाच्या प्रयोगशाळेत ब्युरेट स्टँडला लावली की वरची खूण तिच्या डोळ्यांच्या वर जायची. टाचा उंचावून वाचलं तर रीडिंग चुकायचं. मग प्रयोगशाळेतल्या पांडुरंगमामांनी, ते तिथले शिपाई, लाकडाचं एक रिकामं खोकं आणून तिच्या टेबलाखाली ठेवलं. रोज ती यायची, खोकं ओढायची, त्यावर चढायची. पोरं तिला 'पाव लिटर' म्हणायची. वार्षिक प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी खोक्याकडे बघून विचारलं, "किती वर्षांची गं तू?" "एकोणिसावं चालू आहे, सर." साडेसतरा होती. पट्कन तोंडातून आलं, कागदावरचंच. ते हसले. "मग वाढ खुंटली म्हणायची." सगळी बॅच हसली. त्या हसण्यात नेत्रा नव्हती, नेत्रा हसण्याच्या खाली होती, खोक्यावर उभी राहूनसुद्धा. लग्नाच्या बैठकीतही नानांनी सांगितलं, एकवीस पूर्ण. वीस व्हायला दोन आठवडे होते. एम. एस्सी.चं पहिलं सत्र तसंच राहिलं, पुढच्या श्रावणात अवनी. दवाखान्यातल्या नर्सने केसपेपरवर वय विचारलं तेव्हा कळांच्या मध्येही तिने एक जूनच सांगितलं होतं. इंद्रजितला तिने खरं सांगितलं ते बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर. तो म्हणाला, "म्हणजे माझा फायदाच झाला की!"

वर्ग सुटला. मुलं भराभरा बाहेर आली आणि अवनी सगळ्यांत शेवटी, दोघींशी नंबरांची देवाणघेवाण करत. गाल लाल. "मम्मा! इट वॉज सो गुड यार!" "यार म्हणू नकोस मला." "सॉरी जी." तिने खोटं खोटं हात जोडले. कॅन्टीनमध्ये त्या बसल्या, पॅटीस आणि कोल्ड कॉफी, खिडकीबाहेर क्रेनचा हात सावकाश वळत होता. नेत्राने ठरवलं होतं की शांतपणे, मुद्द्यामुद्द्याने बोलायचं. बारावीचा अभ्यास, दोन दिवसांची बुडालेली शाळा, ती कशी भरून काढणार. बोलली तेव्हा पहिलंच वाक्य निघालं, "शाळेत तुझी हजेरी लागलीय." "हां, पता है. सबकी लगती है." "तुला त्यात काही वाटत नाही?" अवनीने खांदे उडवले. "किसी को फ़र्क़ ही क्या पड़ता है, मैं वहाँ हूँ कि नहीं." तिने ते सहज म्हटलं, पॅटीसचा चुरा बोटाने गोळा करत. "म्हणजे काय?" "कुछ नहीं." "अवनी." "मम्मा, आप फिर वो फेस बना रही हो." "बनवतेय तर बनवतेय. मला सांग, तुला इथे का यायचंय? क्रेडिटसाठी? बाबा म्हणतात म्हणून?" अवनी हसली. "क्रेडिट्स का मुझे क्या करना है? एप्रिलमध्ये तर आपण जाणारच ना." जाणारच, हे तिने इंद्रजितच्या बदलीच्या ऑर्डरआधीच गृहीत धरलेलं होतं. मग ती स्ट्रॉने बर्फ ढवळत राहिली, आणि ढवळता ढवळताच बोलली. "पता है आज क्या हुआ? मैं क्लास में घुसी और कोई रुका नहीं. हर स्कूल में जब मैं पहले दिन घुसती हूँ ना, सब रुक जाते हैं. दो सेकंद. फिर वापस शुरू हो जाते हैं, मेरे बिना. यहाँ सब दस-दस स्कूलों से आए थे. कोई किसी को नहीं जानता था. सगळेच नवीन. मैं पहली बार टाइम पे पहुँची थी."

"गुवाहाटीत," अवनी म्हणाली, आता थांबता येत नसल्यासारखी, "माझ्या शेजारी एकोणीस दिवस कोणी बसलं नव्हतं. मैंने गिने थे. बीसवें दिन एक लड़की आई, क्योंकि उसका बेंच टूट गया था." "मला सांगितलं नाहीस." "आप रोज़ गेट पे पूछती थीं, डब्बा फिनिश किया? किया था. रोज़ किया था."

नेत्रा उठून हात धुवायला गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली. एकोणीस दिवस. आपण त्या फाटकात उभ्या असायचो, छत्री घेऊन, वेळेच्या दहा मिनिटं आधी. बूट ओले आहेत का, केसांत ऊ झालीय का, चेहरा उतरलाय का, सगळं एका नजरेत टिपायचो, आणि मनातून थोडी शेखीही होती की माझं लक्ष असतं, इतर बायकांसारखी मी फोनमध्ये नसते. दर बदलीला कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, मग टॉवेलमध्ये, मग खोक्यात, खोक्यावर मोठ्या अक्षरात 'काच'. पाच बदल्यांत एक कप फुटला नाही. तिला इंद्रजितचा भयंकर राग आला, त्या ऑर्डरींचा, ज्या दर वेळी सत्राच्या मध्यावर येतात आणि ज्यांच्यावर कोणाच्या मुलीचं नाव नसतं. आणि मग राग वळून तिच्याकडेच आला, कारण ऑर्डर त्याची असायची पण सामान कोण बांधायचं? एकदाही तिने म्हटलं नव्हतं की आम्ही येत नाही. घरदार एकत्र राहिलं पाहिजे. हे कोणी शिकवलं होतं, कुणास ठाऊक. आणि आता पोरीला दोन सेकंदांचं ते थांबणं चुकवायला एक जागा सापडली होती, तर तीही जानेवारीत मिळून एप्रिलमध्ये सुटणारी. तीन महिने. त्या तीन महिन्यांसाठी दुसरीकडे खोटं हजर राहायचं. पाणी वाहत होतं. बाजूच्या मुलीने नळ बंद केला आणि "आँटी, आर यू ओके?" म्हणून विचारलं.

ग्रेवाल मॅडम टेबलापाशीच येऊन उभ्या होत्या, अवनीच्या पाठीवर हात ठेवून. "मैम, योर डॉटर इज़ अ स्टार! सर तारीफ़ करते नहीं थकते. फॉर्म दे दीजिए, मैं सीट पक्की कर देती हूँ." नेत्राने पर्समधून फॉर्म काढला, घड्या उलगडल्या. माझी पाल्य या अभ्यासक्रमासाठी वयाने व मनाने सक्षम आहे, असं इंग्रजीत लिहिलेलं, खाली रेघ. ग्रेवाल मॅडमनी पेन पुढे केलं, टोपण काढून. ते पेन तिने हातात घेतलंसुद्धा. अवनी श्वास धरून तिच्याकडे बघत होती, वेणीचं टोक मुठीत. "नहीं," नेत्रा म्हणाली. "अभी नहीं. स्कूल झूठी हाज़िरी लगा रहा है, और आपको मालूम है." "मैम, वो तो स्कूल का मैटर है..." "बच्ची मेरी है. आप शनिवार-रविवार क्लास रखिए, मैं ख़ुद छोड़ने आऊँगी." "वीकेंड पे फ़ैकल्टी नहीं आती, मैम. और बाद में सीट की गारंटी नहीं है. आजकल बच्चे इतने फ़ास्ट हैं, हम पेरेंट्स ही..." "स्लो हैं," नेत्रा म्हणाली. "हां जी. हूँ मैं." तिने पेनला टोपण लावून परत दिलं. आवाज इतका मोठा झाला होता की शेजारच्या टेबलावरची मुलं वळून बघत होती. दोन सेकंद. मग त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

पार्किंगमध्ये अवनी गाडीच्या मागच्या दारापाशी उभी राहिली आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा आईवर आवाज चढवला. "आपको जल्दी भेजा गया था, वो आपकी प्रॉब्लम थी! नाना ने भेजा था. मुझे कोई नहीं भेज रहा. मैं जाना चाहती थी. ये आपकी स्टोरी नहीं है, मम्मा!" आत्ता तिथे, त्या टेबलापाशी, पेन हातात घेऊन मुलीचं भलं कशात आहे ते एकटीनेच ठरवणारं माणूस कोण होतं? नानांनी होय लिहिलं, तिने नाही. होईल मोठी, आणि अजून लहान आहेस. दोन्ही वाक्यं मुलीला न विचारता म्हटलेली. आपण चुकलो असू, हे तिला स्वच्छ दिसलं, आणि तरीही मागे फिरून ती सही करणार नव्हती, हेही. तिने बॉनेटवर पर्स ठेवली आणि इंद्रजितला फोन लावला. अवनीसमोरच, स्पीकरवर. "झाली सही?" "नाही. आणि ऐक. एप्रिलमध्ये ऑर्डर आली तर तू जायचं. आम्ही नाही." "काय?" "बारावी होईपर्यंत अवनी याच शाळेत, याच शहरात. क्वार्टर सोडावं लागलं तर दोन खोल्या भाड्याने बघू." "अगं, काय झालंय काय? मी तिथे एकटा कसा राहणार? जेवणाखाण्याचं, सगळंच..." "तुझी मुलगी गुवाहाटीत एकोणीस दिवस एकटी बसत होती, इंद्रजित. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. तू त्रेचाळीसचा आहेस. जमेल तुला." मोटारीचा आवाज या वेळी नव्हता. "तिने सांगितलं तसं?" त्याने अगदी हळू विचारलं. "कधी?" "आज." तो काही म्हणायच्या आत अवनीने हात पुढे करून फोन बंद केला. "मत करो ऐसे," ती पुटपुटली. बाबांसाठी की स्वतःसाठी, कळलं नाही.

गाडी निघाली. अवनी पुढे बसली नाही, मागे बसली, खिडकीला डोकं लावून. खुड्डा लाहोरा गाव मागे पडलं. शेतांतून कापणीयंत्राची धूळ येत होती आणि काच वर केली तरी घशात बसत होती. नेत्राला वाटलं होतं, आता ही म्हणेल काही. थँक यू नाही तर निदान काही तरी. मागून आलं ते, "अब? ग्यारहवीं में? पाँच स्कूल के बाद?" "हो. आता." "अब मेरे बैच के सारे ग्रुप बन चुके हैं. रुक के भी क्या होगा?" "माहीत नाही." "आपको कुछ माहीत नहीं होता." "नाही होत," नेत्रा म्हणाली. आरशात अवनीचे डोळे दिसत होते, कोरडे, अगदी नानांसारखे, रागावले की बारीक होणारे. "मैं फिर भी गुस्सा हूँ." "अस." "बहुत." "अस की. मी पण आहे." "मुझपे?" नेत्राने विचार केला, खोटं बोलायचं नव्हतं. "तुझ्यावरही आहे. एकोणीस दिवस एकटीनेच मोजलेस म्हणून."

पीजीआयच्या चौकात सिग्नल लाल होता. वर आकडे उलटे मोजत होते, सव्वीस, पंचवीस. आणि लाल असूनही मागच्या पांढऱ्या गाडीवाल्याने हॉर्न दाबला, एकदा, दोनदा, मग दाबूनच धरला. नेत्राने काच खाली केली, अर्धी बाहेर वाकली आणि अस्सल सेलूच्या मराठीत, भर चौकात, नरडं फाटेस्तोवर ओरडली, "अरे, दम धर ना रे भाड्या! लाल हाय, दिसंना का तुला!" शेजारच्या रिक्षातले लोक वळून बघायला लागले. स्कूटरवरची एक सरदारीण तोंडावर हात ठेवून बघत राहिली. मागच्याला शब्द एकही कळला नसणार, पण त्याचा हात हॉर्नवरून निघाला. "मम्मा, प्लीज़," मागून अवनी म्हणाली. आवाज रागाचाच होता. पण ती सीटवर पुढे सरकली होती, आईच्या खांद्याशी, आणि मागच्या काचेतून त्या माणसाकडे वळून बघत होती, डोळे बारीक करून. आकडे चौदावर आले, तेरावर. पुढे एवढी जागा मोकळी असूनही नेत्राने गाडी तसूभरही पुढे घेतली नाही.